एका घंटेची जागा



उपासनेची घंटा आपल्या रोजच्या ऐकण्यातली. पण इंग्लंडच्या चर्चेसमध्ये सतराव्या शतकात घंटानादाची एक निराळीच रीत रुजली. तिच्यात गाण्याची चाल नसते, घंटांचा क्रम तेवढा बदलत राहतो. पुण्याच्या पंचहौद चर्चच्या उंच मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, तो याच परंपरेतला.

या रीतीत प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की ती पूर्ण फेरा घेऊन पुन्हा तोंड वर करून उभी राहते. एका घंटेला एक माणूस आणि एक दोर. घंटेचे वजन शेकडो किलो, त्यामुळे तिला क्षणभर थोपवता येते किंवा क्षणभर आधी सोडता येते, इतकेच. म्हणून एका फेरीत घंटा आपल्या जागी राहते किंवा शेजारणीशी जागा बदलते. १२३४ नंतर २१४३, मग २४१३, मग ४२३१. दूर उडी कोणालाच मारता येत नाही.

चार घंटांचे २४ क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५०४० आणि आठांचे ४०३२०. रचनाकाराने हे क्रम असे गुंफायचे की एकही दोनदा येऊ नये आणि शेवटी सर्व घंटा मूळ क्रमावर परत याव्यात. एखादा क्रम पुन्हा आला, तर सारी रचना खोटी ठरते. या विद्येवरचे पहिले पुस्तक १६६८ साली निघाले. ते रिचर्ड डकवर्थ यांनी लिहिले आणि फेबियन स्टेडमन यांनी प्रसिद्ध केले. पुढे १६७७ मध्ये स्टेडमन यांनी स्वतःचे पुस्तक काढले. २ मे १७१५ रोजी नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये ५०४० क्रम सलग वाजवले गेले. त्याला तीन तासांहून अधिक वेळ लागला. १९६३ मध्ये लफबरो येथे आठ जणांनी ४०३२० क्रम पूर्ण केले. जवळजवळ अठरा तास कोणीही आपला दोर दुसऱ्याच्या हाती दिला नाही. समोर कागद ठेवायची प्रथा नाही. सारे तोंडपाठ असते आणि प्रमुख मधूनमधून पुकारा करतो.

या इतिहासाला दुसरीही बाजू आहे. अनेक गावांत घंटा वाजवणारे मनोऱ्यातच बिअर पीत, दंगा करीत आणि उपासनेला मात्र बसत नसत. कंटाळून बिटन गावचे रेव्हरंड एलाकोम यांनी १८२१ मध्ये एक युक्ती काढली. घंटा स्थिर ठेवायच्या, त्यांना हातोड्या लावायच्या आणि सर्व दोऱ्या एका चौकटीत आणायच्या. आता एकच माणूस सगळ्या घंटा वाजवू शकत होता. दंगा मिटला, पण आठ माणसांची गरजही संपली. पुढे मनोऱ्यांची शिस्त सुधारली, घंटा वाजवणारे उपासनेतही सामील झाले, आणि कित्येक ठिकाणी त्या चौकटी काढून टाकण्यात आल्या.

आज संगणक नवी रचना तयार करतो आणि तिच्यात पुनरुक्ती आहे का, तेही क्षणात सांगतो. पूर्वी याच तपासणीत रात्रीच्या रात्री जात. हे चांगलेच आहे. पण दोर ओढायला आठ जण लागतात ते लागतातच.

आपल्या मंडळीतही हा मोह असतो. चार जण वेळेवर येत नाहीत, दोघांचे पटत नाही, म्हणून एकच उत्साही माणूस वाचन, गायन, हिशेब असे सगळे अंगावर घेतो. काम नीट होते, आवाजही होतो, पण मंडळी ऐकणाऱ्यांची होऊन बसते. शरीर एक असून अवयव पुष्कळ आहेत, ही प्रेषित पौलाने करिंथकरांना दिलेली शिकवण आपण जाणतो. घंटांच्या रचनेत ती कानांनी ऐकू येते. सर्वांत मोठी घंटाही शेजारणीने जागा दिल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि सर्वांत लहान घंटा गप्प राहिली तर क्रम पुरा होत नाही.

या रविवारी आपल्या मंडळीत कोणाचा दोर नुसताच लोंबतो आहे, ते पाहू या. त्याच्याकडे जाऊन तो त्याच्या हाती देऊ या.