काचेवरचे किडे

मोटारीच्या काचेवर आणि पुढच्या भागावर आपटून मेलेले किडे काढण्याचे काम मोटारीला पुढे काच आली तेव्हापासूनचे आहे. त्याआधी ते किडे चालकाच्या तोंडावर येत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाड्या बहुतांशी उघड्या होत्या. चालक डोळ्यांना घट्ट बसणारा मोठा चष्मा, टोपी आणि लांब डगला घालून निघे, तो धुळीसाठी आणि किड्यांसाठीही. पुढे उभी काच बसू लागली, चालकाचा चेहरा वाचला आणि पुसण्याचे काम काचेवर गेले.

वायपरचा शोध मात्र किड्यांसाठी लागला नाही. अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कमध्ये ट्रामचालकाला गारठ्यात खिडकी उघडी ठेवून गाडी हाकताना पाहिले. आतून दांडा फिरवून काच पुसण्याच्या त्यांच्या साधनाला १० नोव्हेंबर १९०३ रोजी पेटंट मिळाले. त्यांच्यासमोर प्रश्न होता बर्फाचा आणि पावसाचा. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२६ मध्ये विजेवर चालणारा वायपर आणला, तोही पाण्यासाठीच. कोरड्या काचेवर वायपर फिरवला की किडा निघत नाही, उलट फासला जातो. समोरून दिव्यांचा उजेड आला की काच दुधाळ होते आणि रस्ता दिसेनासा होतो. काचेवर पाणी उडवण्याची सोय गाड्यांत येईपर्यंत किड्यांपुढे वायपर जवळजवळ निरुपयोगीच होता.

ती उणीव अमेरिकेत पेट्रोल पंपावरच्या माणसांनी भरून काढली. पेट्रोल भरता भरता तेलपाणी तपासायचे आणि पुढची काच पुसून द्यायची, ही तिथली रीत अनेक दशके चालली. हातातले साधनही याच काळात सुधारले. इटलीहून कॅलिफोर्नियात आलेले एत्तोरे स्तेक्कोने खिडक्या पुसण्याचा धंदा करत. पितळी मुठीत रबराची एकच पातळ पट्टी बसवलेल्या त्यांच्या हलक्या पुसणीला १९३६ मध्ये पेटंट मिळाले. पंपाजवळच्या बादलीत आजही असते ती पुसणी याच घराण्यातली. तिच्या एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला स्पंज. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पंपांवरची माणसे कमी होत गेली आणि चालक स्वतः पेट्रोल भरू लागला. बादली आणि पुसणी तेवढी त्याच्यासाठी मागे राहिली.

या कामाचा सर्वांत कष्टाचा अध्याय मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर लिहिला गेला, तो ‘लवबग’ नावाच्या माशीमुळे. शास्त्रीय नाव प्लेशिया निआर्क्टिका. रंगाने काळी, छातीचा वरचा भाग लाल, लांबी एका सेंटिमीटरहून कमी. नर आणि मादी एकमेकांना जोडलेल्या अवस्थेतच उडतात, म्हणून हे नाव. डी. ई. हार्डी यांनी १९४० मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमधील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. ती किनाऱ्याने पूर्वेकडे सरकत गेली आणि १९४९ मध्ये फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला तिची नोंद झाली. पुढच्या वीसेक वर्षांत तिने जवळजवळ सगळे राज्य व्यापले. त्याच सुमारास, १९५६ च्या कायद्यानंतर, आंतरराज्य महामार्ग तयार होत होते. एप्रिल-मे आणि ऑगस्ट-सप्टेंबर असे वर्षातून दोनदा या माशांचे थवे निघतात आणि तेही दिवसा, म्हणजे ऐन रहदारीच्या वेळी. सूर्यप्रकाशात बदललेला गाड्यांचा धूर त्यांना ओढून घेतो, असे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

परिणाम काचेपुरता उरला नाही. रेडिएटरच्या जाळीत माशा भरून इंजिने तापू लागली, म्हणून लोक गाडीच्या तोंडाला बारीक जाळी बांधून प्रवास करू लागले. खरे नुकसान होई रंगाचे. चिरडलेल्या लवबगचा सामू साधारण ६.५ असतो, चोवीस तासांत जिवाणूंच्या क्रियेने तो ४.२५ पर्यंत उतरतो, म्हणजे लगदा चांगलाच आम्ल होतो. त्या काळच्या रंगावर, वर ऊन तापत असताना, हा लगदा दोन-तीन दिवस राहिला की कायमचे खड्डे पडत. १९८० च्या दशकात रंगावर पारदर्शक संरक्षक थर देण्याची पद्धत रुळली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला.

फ्लोरिडातल्या घराघरांत मग उपायांची एक परंपराच तयार झाली. कोणी मोसमाआधी मेण चढवी, कोणी बंपरला लहान मुलांचे तेल चोळी, कोणी कपडे मऊ करणारा कागद ओला करून त्याने काच घाशी. या सगळ्यांत खरे काम करते ते पाणी. खरकटी भांडी आधी भिजत घालतात, तसेच इथे: वाळून घट्ट बसलेली प्रथिने पाण्याने फुगू द्यायची आणि मगच पुसायची. कोरडेच खरवडले तर किड्याचे टणक कवच रंगावर ओरखडे काढते. ज्याने पहिल्याच दिवशी भिजवून पुसले त्याचा रंग वाचला.

लवबग फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डास मारण्यासाठी बनवली गेली, अशी वदंता फ्लोरिडात अजून सांगितली जाते. तिला आधार नाही. विद्यापीठाचा या विषयाशी खरा संबंध वेगळाच आहे. तिथल्या मार्क हॉस्टेटलर यांनी काचेवरच्या डागावरून किडा कसा ओळखावा, यावर पुस्तक लिहिले आणि १९९७ मध्ये त्यांना कीटकशास्त्राचे इग नोबेल मिळाले. हसवून विचार करायला लावणारा हा पुरस्कार योग्य ठिकाणी गेला, कारण पुसून टाकायची घाण ही निरीक्षणाची वस्तू आहे हे त्या पुस्तकाने सामान्य चालकाला दाखवले.

लवकरच अशा निरीक्षणाची गरज पडली. ब्रिटनमध्ये २००४ च्या उन्हाळ्यात पक्षिसंरक्षण संस्थेच्या आवाहनावरून सुमारे ४०,००० चालकांनी गाडीच्या नंबरपट्टीवरचे किडे मोजले. सरासरी पाच मैलांना एक किडा निघाला. जर्मनीतील ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षांत उडत्या कीटकांचे एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटले, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डेन्मार्कमधील दोन रस्त्यांवर काचेवरचे किडे १९९७ ते २०१७ या काळात ८० आणि ९७ टक्क्यांनी कमी झाले. नव्या गाड्यांचा आकार निमुळता म्हणून किडे कमी आपटतात, हे स्पष्टीकरण टिकत नाही. इंग्लंडच्या केंट परगण्यात २०१९ मध्ये जुन्या-नव्या गाड्या मुद्दाम तपासल्या, तेव्हा नव्यांवर किडे कमी निघाले नाहीत. ब्रिटनमध्ये ही मोजणी आता मोबाइलवरून होते, आणि तिचा पहिला नियम असा की प्रवासाला निघण्यापूर्वी नंबरपट्टी स्वच्छ पुसून घ्यायची.