विहिरीत दम धरा, समुद्रात सोडा : पाण्याखालच्या अपघातांची गोष्ट

आजचा एपिसोड स्कूबा डायव्हिंगवर आहे. हसू नका. सोलापुरात समुद्र नाही हे मलाही माहीत आहे. पण सुट्टी लागली की आपल्याकडून किती गाड्या मालवण-तारकर्लीला जातात ते बघा. आम्हीही गेलो होतो.

माझा मामेभाऊ मोहोळकडचा. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेला, एका दमात तळाची माती वर आणणारा गडी. तारकर्लीला पाण्याखाली तो एकदम घाबरला, छातीत श्वास कोंडून वर निघाला. गाइडने त्याचा पाय धरला, तोंडाकडे बोट दाखवून 'श्वास सोड' अशी खूण केली आणि सावकाश वर आणलं. तेव्हा आम्ही त्याला हसलो. घरी आल्यावर वाचायला लागलो, तेव्हा हसू गेलं.

आधी विज्ञान. विहिरीत आपण काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. पाण्याच्या दाबाने ती आक्रसते आणि वर येताना पुन्हा होती तेवढीच होते. स्कूबात मात्र आपण खालीच, दाबाखालची हवा घेतो. 10 मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती श्वास न सोडता वर आली, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुस फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूत जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावं लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणजे जो विहिरीत सगळ्यात तरबेज, त्याचीच सवय इथे घातक!

दुसरा धोका नायट्रोजनचा. हा कळला तो डायव्हरांमुळे नाही, मजुरांमुळे. 1841 मध्ये फ्रान्समध्ये त्रिजे नावाच्या इंजिनिअरने नदीच्या पात्रात लोखंडी नळकांडं उतरवलं आणि आत दाबाची हवा भरून पाणी बाहेर ठेवलं. माणसं आत ठणठणीत काम करायची आणि बाहेर आल्यावर सांधे धरून कण्हायची. 1854 मध्ये पोल आणि वातेल या दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की त्रास बाहेर येतानाच होतो आणि परत दाबात नेलं की आराम पडतो. 1878 मध्ये पॉल बेर यांनी कारण सांगितलं: दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन, दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखं.

कारण कळलं, पण इलाज मजुरांपर्यंत पोचायला वेळ लागला. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीखालच्या बोगद्यावर 45-50 माणसं होती आणि महिन्याला साधारण एक मरत होता. 1889-90 च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर या इंजिनिअरने तिथे लोखंडी खोली बसवली. आजारी मजुराला आत घ्यायचं, पुन्हा दाब द्यायचा आणि तो हळूहळू उतरवायचा. पुढच्या 15 महिन्यांत 120 माणसांपैकी फक्त 2 गेली. आमच्या भाषेत हा रोलबॅक आहे: बिघडलेली गोष्ट आधीच्या स्थितीत न्या, मग सावकाश पुढे या.

1908 मध्ये जे. एस. हाल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं बनवली. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. 1939 मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून 99 माणसं गेली, त्यानंतर याने स्वतःलाच दाबाच्या खोलीत कोंडून प्रयोग केले. हाच माणूस 1957 मध्ये कलकत्त्याला आला, भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.

1965 मध्ये अमेरिकन नौदलाने मॉयरच्या खोलीत शुद्ध ऑक्सिजनची जोड पक्की केली: 18 मीटरइतका दाब, सुमारे पावणेपाच तास. आजही जगभर मुख्य उपचार हाच. आपल्याकडे अशी सोय मुंबईत, कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयाजवळच्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनमध्ये आहे. मालवणपासून रस्त्याने जवळपास 500 किलोमीटर.

म्हणून मधले तास महत्त्वाचे. वर आल्यावर दहा मिनिटांच्या आत कुणी बेशुद्ध पडलं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, किंवा काही तासांनी सांधे दुखले, मुंग्या आल्या, तर 'दमला असेल' म्हणू नका. आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन द्या, 108 ला फोन करा, डॉक्टरांना डायव्हिंग केल्याचं आधी सांगा. बरं करायला परत पाण्यात उतरवू नका. आणि डॉक्टरांना न दाखवता घाट चढून घरी निघू नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात.

धोका फक्त खालीच असतो असंही नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. बुडालेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबायची आपली पद्धत सोडा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत उतरू शकतं. श्वास बंद असेल तर लगेच तोंडाने श्वास आणि छातीवर दाब.

आता शेवटची गोष्ट. आम्ही बोटीवर विचारलं होतं, ऑक्सिजन आहे का? एकाने पाठीवरची टाकी दाखवली, "हा काय, ऑक्सिजनच तर आहे." आम्ही माना डोलावल्या. त्या टाकीत साधी दाबलेली हवा असते, ज्यात ऑक्सिजन 21 टक्के. उपचाराचा ऑक्सिजन वेगळा, त्याचा सिलिंडर वेगळा, आणि आमच्या बोटीवर तो नव्हताच. त्या दिवशी गाइडने पाय धरला नसता तर आमच्याकडे काहीही नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी दोन प्रश्न विचारा: उपचाराचा ऑक्सिजन बोटीवर आहे का, आणि काही झालं तर कुठे नेणार? उत्तर अडखळलं तर किनाऱ्यावर बसून सोलकढी प्या, किल्ला बघा. समुद्र कुठे पळून जात नाही.

भेटू पुढच्या एपिसोडला!