सिद्धरामांचा तलाव आणि अंतरीचा झरा

'देवावर आमची श्रद्धा आहे. पण त्यासाठी चर्च कशाला, मिस्सा कशाला?' असा प्रश्न आज आमच्या कित्येक घरांतील तरुण मुले विचारतात. ध्यान, योग, मौन यांकडे त्यांचा ओढा आहे. रविवारच्या उपासनेकडे मात्र त्यांनी पाठ फिरविली आहे. हे वारे पश्चिमेकडून आले असे ज्यांना वाटते, त्यांनी सोलापूरचाच इतिहास आठवावा.

बाराव्या शतकात सोन्नलिगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदविला, मंदिर उभारले, ६८ लिंगे स्थापिली. तेथे अल्लमप्रभू आले. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात त्या भेटीची कथा आहे. बाहेर एवढे खोदकाम केलेस, अंतरंगात किती खोदलेस, हा प्रभूंच्या बोलण्याचा मथितार्थ होय. सिद्धराम अंतर्मुख झाले.

पण पुढचा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. प्रभूंनी त्यांना एखाद्या गुहेत नेऊन बसविले नाही. कल्याण नगरीत बसवेश्वरांच्या अनुभवमंटपात नेले. तेथे नावाडी अंबिगर चौडय्या आणि अक्कमहादेवी आपापला अनुभव शरणांच्या सभेत मांडीत, पारखून घेत. पुढे सिद्धराम सोलापुरास परतले व येथेच समाधिस्थ झाले. अंतरीचा झरा लाभला म्हणून त्यांनी तलाव बुजविला नाही.

आमच्या ख्रिस्ती इतिहासातही असा दाखला आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्ह. ना. वा. टिळक १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले. ख्रिस्ताला परदेशी चौकटीत कोंडू नये, ही त्यांची तळमळ होती. तथापि तेही एकटे राहिले नाहीत. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे तो दरबारही विरत गेला. अनुभवाला सोबत लागते, आणि त्या सोबतीला टिकाऊ घरही लागते.

तरुणांचा प्रश्न म्हणूनच झिडकारण्याजोगा नाही. ज्या चर्चमध्ये घोषणा, वर्गणी आणि सण यांचीच वर्दळ असते, तेथे तहानलेला मनुष्य किती दिवस थांबेल? कोरड्या तलावाचे घाट कितीही रेखीव बांधले, तरी घागर भरत नाही.

योहानलिखित शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीला प्रभू येशूने विहिरीकाठी आत्म्याने व सत्याने करावयाच्या उपासनेचे रहस्य सांगितले. ते ऐकून ती घागर तेथेच ठेवून गावात धावली आणि साऱ्यांना बोलावून घेऊन आली. आपल्या मुलांना एकांतात काही गवसले असेल, तर ते ऐकून घेण्याइतका अनुभवमंटप प्रत्येक धर्मग्रामात असावा.