काचेवरचा टवका आणि ओगलेवाडीचा कंदील

१/
साताऱ्याहून सांगलीकडे निघालेली मोटार. कराडच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडते आणि समोरच्या काचेला नखाएवढा टवका पडतो. सांगलीत तो टवका रेझिन भरून बुजवला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे, तर तडा काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला! दोष कोणाचा? दगडाचा, कारागिराचा, की काचेचा? #धागा

२/
या प्रश्नाचे उत्तर शोधताना कराडजवळच थांबावे लागते. कराडचे रेल्वे स्थानक ज्या गावाला लागून आहे, त्याचे नावच एका काच कारखान्यावरून पडले आहे : ओगलेवाडी. काच का फुटते आणि ती फुटू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न या परिसराने शतकापूर्वीच हाती घेतला होता.

३/
विसाव्या शतकाच्या आरंभी घरातील बांगडी, बाटली, कंदिलाची काच हे सारे बहुतांशी परदेशातून येई. स्वदेशीच्या चळवळीत ही उणीव बोचू लागली. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या 'पैसा फंडा'तून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. जपानमध्ये काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे मार्गदर्शक होते.

४/
त्यानंतर आठ वर्षांनी, १९१६ मध्ये, ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या आश्रयाने ओगले ग्लास वर्क्स उभारले. याच संस्थानाच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली होती. आज एक वाडी सातारा जिल्ह्यात, दुसरी सांगली जिल्ह्यात. दोहोंना जोडणारा लोहमार्ग एकच. एका वाडीत लोखंडाचा नांगर घडला, दुसरीत काचेचा कंदील.

५/
ओगल्यांनी कंदिलाला आपल्या वडिलांचे नाव दिले : 'प्रभाकर'. कंदिलाची काच ही काचकाराची कठोर परीक्षा असते. आतून ज्योतीची धग, बाहेरून पावसाळी वारा. काच उष्णतेची मंद वाहक असल्याने एक बाजू तापून प्रसरण पावते आणि दुसरी मागे राहते. या ओढाताणीत जिथे कच्चा दुवा असेल, तिथे तडा जातो.

६/
म्हणूनच भट्टीतून निघालेली काच एकदम थंड होऊ द्यायची नसते. ती वेगळ्या भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ही पायरी घाईने उरकली, तर काच दिसायला निर्दोष असते, पण तिच्यात ताण कोंडलेला राहतो. मग काही दिवसांनी ती 'आपोआप' फुटते.

७/
कंदील पुसणाऱ्या घरच्या बायकांना हे शास्त्र पुस्तकाविना ठाऊक होते. तापल्या काचेला ओले फडके लावू नये, राखुंडीत खडा राहू देऊ नये. ओल्या फडक्याने काच तडकते आणि खड्याच्या ओरखड्यातून पुढे तडा निघतो.

८/
या अनुभवाला गणिताचे रूप १९१३ ते १९२० या काळात मिळाले. छिद्राच्या किंवा तड्याच्या टोकाशी ताण अनेक पटींनी एकवटतो, हे चार्ल्स इंग्लिस यांनी दाखवले. पुढे ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवरच प्रयोग करून सिद्ध केले की, काच दुबळी भासते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे. प्रहार हे निमित्त असते, खरे कारण आधीच काचेत असते.

९/
मोटारीच्या काचेची कथा वेगळी. १९०३ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांच्या हातून एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा पातळ पापुद्रा सुकून राहिला होता. १९०९ साली त्यांनी या तत्त्वावरच्या सुरक्षा काचेचे पेटंट घेतले.

१०/
आजची समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मधला प्लास्टिकचा पडदा. खडीचा टवका सहसा बाहेरच्या काचेलाच पडतो. त्यात रेझिन भरण्याची पद्धत अमेरिकेत १९७०च्या दशकात रुळली. टवक्यातील हवा ओढून घ्यायची, दाबाने पातळ रेझिन शिरवायचे आणि अतिनील प्रकाशाने ते घट्ट करायचे.

११/
मग दुरुस्ती फसते कशी?
▪️ टवक्यात धूळ वा ओल राहिली, तर रेझिन काचेला धरत नाही. शिवाय तड्याच्या टोकाशी पाणी काचेचे रासायनिक बंध तोडते.
▪️ दाब जास्त झाला, तर तोच तडा पुढे ढकलतो.
▪️ उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी वा एसीचा झोत आला, की ओल्या फडक्याचीच गत.
▪️ रेझिन टोकापर्यंत पोहोचले नाही, तर उरलेले टोक मोकळेच राहते.

१२/
एकदा घट्ट झालेले रेझिन बाहेर काढता येत नाही. त्यामुळे फसलेली दुरुस्ती सहसा सुधारता येत नाही, काच बदलावीच लागते. ती टाळणेही धोक्याचे, कारण अनेक गाड्यांत प्रवासी बाजूची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. तडा कडेपर्यंत गेला असेल, आतल्या काचेला इजा असेल किंवा टवका चालकाच्या नजरेसमोर असेल, तर रेझिन भरण्याचा आग्रह धरू नये.

१३/
टवका पडताच त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, काच धुऊ नये, सावलीत निवू द्यावी आणि लवकर कारागीर गाठावा. चांगला कारागीर आधी काच कोरडी करतो, तिचे तापमान पाहतो, मगच हात लावतो. 'दहा मिनिटांत काम' हे आश्वासन नेमके याच पायरीचा बळी घेते.

१४/
वीज घरोघरी पोहोचली आणि कंदिलाचे दिवस सरले. ओगलेवाडीच्या भट्ट्याही निवल्या. पण तिथे जपलेली शिस्त त्याच रस्त्याने धावणाऱ्या प्रत्येक गाडीला आजही लागू आहे. दुरुस्तीने तडा नाहीसा होत नाही, फक्त थांबतो. आणि तो थांबवायचा, तर काचेला तिचा वेळ द्यावाच लागतो.