चपटा निघालेला थर

पावसाळ्यात पेणहून रोह्याला जाताना गाडीच्या खिडकीच्या गजांवरून ओघळणारे थेंब तुम्ही बघितले असतील. पण धातूला चिकटलेला पाण्याचा अगदी पहिला, रेणूभर जाडीचा थर कसा असतो? (गंजका गज यासाठी बाद. निर्वात पोकळीत ठेवलेला स्वच्छ स्फटिकच लागतो.)

१९८२ मध्ये डोअरिंग आणि मॅडी यांनी रुथेनियम धातूसाठी चित्र मांडलं: बर्फासारखी षटकोनी जाळी, निम्मे रेणू धातूला टेकलेले, निम्मे जवळपास एक अँगस्ट्रॉम वर. चित्र इतकं पटलं की इतर धातूंनाही सर्रास लावलं गेलं. १९९४ मध्ये हेल्ड आणि मेंझेल यांनी जड पाण्याच्या थरावर इलेक्ट्रॉन विवर्तनाने तो फरक मोजला. आला किती? ०.१ अँगस्ट्रॉम! म्हणजे थर जवळजवळ चपटाच.

आता चूक कोणाची धरायची, मोजमापाची की चित्राची? २००२ मध्ये फाइबलमन यांनी गणनेतून सुचवलं की निम्मे रेणू फुटले, तर थर चपटा होतो. त्यावरून चांगलाच वाद पेटला, कारण मोजायला वापरतो तो इलेक्ट्रॉनांचा झोतसुद्धा पाणी फोडतो! २०१० मध्ये तर प्लॅटिनमवर पंचकोन आणि सप्तकोनही दिसले.

या विषयात शिरणार असाल तर १९९४ चा पेपर आधी काढा, आढावा लेख नंतर.