अर्भकातील एचआयव्हीचे लवकर निदान (वाशीम जिल्हा)

एचआयव्हीबाधित आईच्या बाळाला संसर्ग झाला आहे का, हे पहिल्या काही आठवड्यांतच ओळखण्याची पद्धत. नेहमीची रक्तचाचणी विषाणू नव्हे, प्रतिपिंडे शोधते आणि बाळाच्या बाबतीत तिथेच फसगत होते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात व अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे संसर्ग नसलेले बाळही ‘पॉझिटिव्ह’ दिसते. तोवर थांबणे मात्र जिवावर बेतते : आफ्रिकेतील अभ्यासांत उपचाराविना राहिलेल्या बाधित मुलांपैकी निम्मी दोन वर्षांची होण्याआधी दगावल्याचे आढळले. म्हणून पीसीआर तंत्राने विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधतात.

भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नॅको) ही सेवा २०१० मध्ये सुरू केली. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीमसारख्या जिल्ह्याला ती पेलते, याचे श्रेय एका जाड कागदाला द्यावे लागेल. आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रात बाळाच्या टाचेला टोचून या कागदाच्या कार्डावरच्या वर्तुळांत रक्ताचे ठिपके घेतात. ते सावलीत सुकवून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पाकिटात बंद करतात. सुकलेल्या ठिपक्यांना बर्फाची पेटी लागत नाही. बाळ गावीच राहते, प्रवास पाकिटाचा होतो. भोसरी (पुणे) येथील, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने स्थापन झालेली संस्था या तपासणीतील एक प्रमुख संस्था आहे.

पहिला नमुना सहाव्या आठवड्यात घेतात. पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोसही तेव्हाच असतो, ही मोठी सोय. लसीच्या फेरीतच काम उरकते आणि शेजाऱ्यांच्या भुवया उंचावत नाहीत. निकाल सकारात्मक आला तर दुसऱ्या नमुन्याने खात्री करून घेतात. नकारात्मक आला म्हणजे सुटलो, असे नाही : अंगावरच्या दुधातूनही संसर्ग होऊ शकतो, म्हणून सहा व बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी आणि अंतिम निर्णय अठरा महिन्यांनी किंवा दूध तुटल्यानंतर. निदान झालेल्या बाळाला एआरटी (विषाणूरोधक) औषधे लगेच द्यायची असतात. दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीत (२००८) लगेच उपचार मिळालेल्या अर्भकांचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले.

खरी अडचण प्रयोगशाळेची नसून पत्त्याची आहे. गरोदरपणातली तपासणी सासरी, बाळंतपण माहेरी. वाशीम जिल्ह्यातील रिसोडच्या केंद्रात नोंद झालेली लेकुरवाळी सहाव्या आठवड्यात शेजारच्या जिल्ह्यात असू शकते, आणि निकाल येईपर्यंत कुटुंब कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेले. समुपदेशकाला तिला शोधायचे असते, पण कोणाला कळू न देता. संमतीविना एचआयव्हीची माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. मूळ उपाय म्हणजे बाळाला संसर्गच होऊ न देणे : २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आजन्म एआरटी सुरू करण्याचे धोरण लागू झाले. काहीच उपाय न केल्यास १५ ते ४५ टक्के बाळांना होणारा संसर्ग औषधांनी ५ टक्क्यांखाली आणता येतो.