आरपीजी, जुने : नव्या संगणकावर

साधारण १९८० ते २००० या काळातले भूमिका घेऊन खेळायचे संगणकीय खेळ आजच्या यंत्रावर चालवण्याचा खटाटोप. खेळणारे त्यांना नुसते ‘आरपीजी’ म्हणतात. उल्टिमा, विझर्ड्री (दोन्ही १९८१), फॉलआउट (१९९७) आणि बाल्डर्स गेट (१९९८) ही त्यांतली ठळक नावे.

नव्या संगणकाची ताकद इथे कमी पडत नाही, उलट जास्त होते. डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या जमान्यात कित्येक खेळांची चाल घड्याळावर नव्हे, प्रोसेसरच्या वेगावर बेतलेली असे. उल्टिमा ७ (१९९२) वेगवान यंत्रावर मोकळा सोडला, तर नायक वाऱ्यासारखा सुटतो. त्यात या खेळाने मेमरी वापरायची ‘वूडू’ नावाची आपली स्वतंत्र रीत काढलेली. तिचे विंडोजशी तेव्हाही पटले नाही. ६४ बिटी विंडोज तर १६ बिटी प्रोग्रामला दारातही उभे करत नाही.

यावर रूढ उतारा डॉसबॉक्सचा (२००२). तो नव्या यंत्राच्या पोटात साउंडकार्डासकट एक जुना पीसी मांडतो. काळ्या खिडकीत ‘माउंट’ लिहून फोल्डर जोडायचा, खेळ सुरू करायचा. मग कंट्रोलबरोबर एफ११ दाबून वेग उतरवायचा, एफ१२ने चढवायचा. नेमका आकडा कुणी सांगून उपयोग नाही. रेडिओचा काटा फिरवत स्टेशन लावावे, तसे पात्र माणसासारखे चालू लागेपर्यंत हे करत बसावे लागते.

विंडोजवरच्या खेळांचे दुखणे निराळे. २५६ रंगांत काढलेल्या फॉलआउट, डायब्लो यांचे रंग विंडोज ७वर भलतेच दिसत. डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोररच बंद केला की ताळ्यावर येत.

काही हौशी प्रोग्रामरांनी खेळाचे इंजिनच नव्याने लिहिले : उल्टिमा ७साठी एक्झल्ट, बाल्डर्स गेटसाठी जेमआरबी. चित्रे आणि संवाद मात्र मूळ खेळातलेच लागतात, म्हणजे खेळ विकत घेणे चुकत नाही. २००८मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेले जीओजी हे दुकान डॉसबॉक्स आतच बसवून असे खेळ विकते. सोबत माहितीपुस्तिका मिळते, आणि ती वाचावीच. उल्टिमा ७मध्ये ट्रिन्सिकचा नगराध्यक्ष तिच्यातले प्रश्न विचारल्याशिवाय गावाबाहेर सोडत नाही. नकली प्रतींवरचा हा तेव्हाचा पहारा.

देवनागरी या खेळांत नाही. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या अक्षरी पडद्यावर मराठी उमटे. पण हे खेळ आपली अक्षरे चित्रासारखी स्वतःच काढत, तिथे त्याचा उपयोग नव्हता. गंमत अशी, की उल्टिमा ४चा (१९८५) नायक ज्या पदासाठी धडपडतो त्याचे नाव ‘अवतार’. उल्टिमाचा कर्ता रिचर्ड गॅरियटने हा शब्द आपल्याकडूनच उचलला. जीओजी हा खेळ फुकट देते, आणि फ्लॉपीच्या काळातला असल्याने आसेगावात (जि. वाशीम) मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही तो उतरवता येईल. इंग्रजी फार टाइप करण्याचीही गरज नाही. भेटेल त्याला टाइप करून नाव, काम विचारायचे. शब्दाची पहिली चार अक्षरे पुरतात.